लष्करातली सेवा नागरी निवृत्तिवेतनात धरली नाही, तर

आर्मी मेडिकल कोअरमध्ये अल्पसेवा कमिशनवर काही वर्षे काढून नंतर केंद्र सरकारच्या नागरी सेवेत वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालेले डॉक्टर आपल्याकडे बरेच आहेत. मी स्वतः त्याच कोअरमधून निवृत्त झालो असल्यामुळे त्यांच्यापैकी काही जण कागदांची फाईल घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: लष्करातली सेवा निवृत्तिवेतनासाठी अर्हताकारी, म्हणजे हिशेबात मोजली जाणारी, धरायला कार्यालयाने नकार दिला आहे. नकाराचे पत्र साधारण चार ओळींचे असते आणि त्यात ‘नियमानुसार अनुज्ञेय नाही’ एवढेच म्हटलेले असते. तो नियम कोणता, हे त्यात नसते. माझे मत असे आहे की अपिलाचा मसुदा करायला बसण्याआधी तो नियम कार्यालयाकडून लेखी काढून घ्यावा, कारण नियमाचा क्रमांकच नसलेल्या नकाराविरुद्ध कितीही कळकळीने लिहिले तरी त्यातून काही हाती लागत नाही.

हा सगळा विषय मुख्यतः १ जानेवारी २००४ पूर्वी नागरी सेवेत आलेल्यांचा आहे, कारण त्यानंतर आलेल्यांना नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली आणि त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. आधीच्यांसाठी केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९७२ मधला नियम १९ कळीचा होता. २०२१ मध्ये नवे नियम आले असले, तरी जुन्या नियुक्त्यांवरचे वाद अजून त्याच तरतुदीभोवती फिरतात. लष्करी सेवेनंतर नागरी पदावर कायम झालेल्या माणसाला तो नियम दोन पर्याय देतो. एक तर लष्कराकडून मिळालेले निवृत्तिवेतन किंवा उपदान (ग्रॅच्युइटी) स्वतःकडे ठेवावे आणि ती सेवा सोडून द्यावी, नाही तर मिळालेली रक्कम परत करावी आणि ती सेवा नागरी सेवेला जोडून घ्यावी. ठरलेल्या मुदतीत पर्याय दिला नाही, तर पहिला पर्याय स्वीकारला असे मानले जाते. कार्यालये नकार देतात तो बहुधा याच वाक्याच्या आधारावर.

परंतु त्या वाक्याच्या आधी आणखी एक वाक्य आहे आणि ते फारसे कोणी वाचत नाही. कायम नियुक्तीचा आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याने त्या आदेशासोबतच संबंधितास पर्याय देण्याविषयी लेखी कळवावे, आणि पर्याय न दिल्यास काय मानले जाईल हेही त्याच्या निदर्शनास आणून द्यावे, असे नियमच सांगतो. म्हणजे पहिले कर्तव्य कार्यालयाचे आहे, आणि ते पार पाडलेले नसताना डॉक्टरची मुदत संपली असे म्हणणे मला तरी टिकणारे वाटत नाही.

कोअरमधल्या माझ्या एका कनिष्ठ सहकारी डॉक्टरचे प्रकरण नेमके असेच होते. लष्करात पाच वर्षे सेवा करून ती नागरी सेवेत आली, आणि अठरा वर्षांनंतर घरच्या कारणाने तिने स्वेच्छानिवृत्ती मागितली. त्यासाठी वीस वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. लष्करातली वर्षे धरली तर ती सहज पूर्ण होत होती, न धरली तर दोन वर्षे कमी पडत होती. कार्यालयाने मुदतीत पर्याय न दिल्याचे कारण पुढे केले. ती म्हणाली, “सर, मला पर्याय कोणी विचारलाच नाही, तर मी देणार कुठून?” मी तिला म्हटले की हेच वाक्य त्यांच्याकडून लिहून आणायचे. माहितीच्या अधिकाराखाली तिने दोन गोष्टी मागितल्या: पर्याय मागणाऱ्या पत्राची प्रत, आणि तिच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानांच्या प्रती. पत्राबाबत ‘अभिलेखात आढळून येत नाही’ असे उत्तर आले. सेवापुस्तकात मात्र रुजू होतानाच केलेली पूर्वीच्या लष्करी सेवेची नोंद होती, निळ्या शाईत, दिनांकांसह, आणि खाली कार्यालयप्रमुखाची सही व शिक्का. पूर्वसेवा कार्यालयाला ठाऊक होती आणि तरीही पर्याय विचारला गेला नाही, हे या दोन कागदांवरून उघड झाले; अपिलात आम्ही त्यापलीकडे फारसे काही लिहिले नाही. कायम नियुक्तीचा आदेश, लष्करातून मुक्त केल्याचा आदेश आणि लष्कर सोडताना मिळालेल्या अंतिम उपदानाच्या रकमेचा दाखला एवढी कागदपत्रे जोडली. अधिकाऱ्यांच्या वेतनाची खाती पुण्यातल्या संरक्षण लेखा प्रधान नियंत्रक (अधिकारी) यांच्या कार्यालयात ठेवली जातात, त्यामुळे हा दाखला तिथूनच मागावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो हे धरून चालावे. वरिष्ठ कार्यालयाने तिचा पर्याय स्वीकारला. रक्कम हप्त्यांनी परत करण्याची सोय नियमात आहे, पण पूर्ण परतफेड होईपर्यंत जुनी सेवा धरली जात नाही, म्हणून तिने ती एकरकमी भरली.

तरीही प्रत्येकाने हे भांडण करावेच, असे मी सांगत नाही. पूर्वी पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ३३ वर्षांची सेवा लागत असे, तेव्हा लष्करातल्या प्रत्येक वर्षाला मोल होते. सहाव्या वेतन आयोगानंतर ती अट गेली, आणि नियत वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्याला दहा वर्षांच्या अर्हताकारी सेवेवरही वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन मिळू लागले. त्यामुळे नागरी सेवेतच वीस-पंचवीस वर्षे काढून निवृत्त होणाऱ्याचे मासिक निवृत्तिवेतन लष्करी सेवा जोडल्याने वाढत नाही. वाढते ते उपदान, आणि तेही कमाल मर्यादा गाठलेली नसेल तरच: दर सहामाहीला पाव महिन्याचे वेतन या हिशेबाने पाच वर्षांचे अडीच महिन्यांचे शेवटचे वेतन. ही रक्कम आणि परत करायचे अंतिम उपदान आधी कागदावर शेजारी-शेजारी मांडून पाहावे. स्वेच्छानिवृत्तीची वीस वर्षे भरत नसतील, तर मात्र हीच वर्षे निर्णायक ठरतात.

दाद कुठे मागायची, यातही गोंधळ होतो. नकार नागरी खात्याचा असेल तर, अर्जदार कधी काळी कॅप्टन किंवा मेजर असला तरी, मार्ग केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचा आहे, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालानंतर उच्च न्यायालयात जाता येते. वाद लष्कराशी असेल, म्हणजे ज्येष्ठता मागील तारखेपासून मिळण्याबद्दल किंवा लष्करी निवृत्तिवेतनाची सेवा यांबद्दल असेल, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण. दोघांचीही पीठे मुंबईत आहेत. दोन्हीकडे आधी खात्यांतर्गत दाद मागितलेली असावी लागते, आणि त्या अर्जावर सहा महिन्यांत उत्तर आले नाही तर थेट जाता येते. मुदत मात्र सारखी नाही: पहिल्यासाठी अंतिम आदेशापासून एक वर्ष, दुसऱ्यासाठी सहा महिने.

वर्षानुवर्षे स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही. निवृत्तिवेतन दरमहा कमी मिळत असेल तर तो चालू राहणारा अन्याय मानला जातो आणि उशीर माफ होऊ शकतो; पण तरसेम सिंग प्रकरणात, जिथे लष्करातून मुक्त झालेला माणूस सोळा वर्षांनी न्यायालयात आला होता, सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये थकबाकी दाव्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मर्यादित ठेवली. स्वेच्छानिवृत्तीसारख्या एकदाच होणाऱ्या नकाराला ही सवलत गृहीत धरू नये.

राज्य सरकारच्या आरोग्य सेवेत गेलेल्यांना यातले नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ आणि महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, तेव्हा मसुद्यात केंद्राच्या नियमांचे क्रमांक उतरवून घेण्याची घाई करू नये.