खाऱ्या हवेत ब्रेक पॅड बदलताना: माझा अनुभव

किनाऱ्यावर राहणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड झिजण्याआधी गंजतात. रत्नागिरीत चालणाऱ्या बीएमडब्ल्यू एक्स-३ एम४०आयची चाकं काढली तेव्हा मला हेच दिसलं. पुढच्या पॅडवर भरपूर माल, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासणारा थर, शिल्लक होता आणि डॅशबोर्डवर कसलीही सूचना नव्हती. मागच्या उजव्या चाकाचा आतला पॅड मात्र ब्रॅकेटमध्ये (पॅड धरणाऱ्या चौकटीत) इतका घट्ट बसला होता की स्क्रूड्रायव्हरने रेटूनही जागचा हलत नव्हता. म्हणून ‘कुठला पॅड चांगला?’ हा प्रश्न इथे दुसऱ्या क्रमांकाचा. पॅड ज्या खोबणीत सरकतो ती खोबणी स्वच्छ आहे का, हे आधी बघायचं.

२०२३ मध्ये आपल्याकडे आलेली ही गाडी ३ लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची आहे, ताकद ३६० हॉर्सपॉवर, वजन दोन टनांच्या घरात. इतकं वजन आंबा घाटातून साखरप्याकडे उतरतं तेव्हा दर शंभर मीटर उंचीमागे सुमारे २० लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. इंजिन ब्रेकिंग वापरलं नाही तर ती जवळपास सगळी डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. तीच गाडी दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याला उभी असते, अंगावर समुद्राचे तुषार, डिस्क थंडगार आणि ओलसर. घाटातली उष्णता आणि किनाऱ्यावरचं मीठ, पॅडला दोन्ही झेपलं पाहिजे.

आता निवडीचं. कंपनीचे मूळ पॅड बहुतेक युरोपीय गाड्यांप्रमाणे लो-मेटॅलिक, म्हणजे मालात थोडा धातू मिसळलेल्या प्रकारचे असतात. थंड असतानाही चांगले पकडतात, उष्णता सहन करतात, पण काळी भुकटी खूप सोडतात. ही भुकटी चाकावर बसली आणि वर खारी हवा लागली की अलॉयवर तांबूस ठिपके उठतात आणि साबणाने जात नाहीत. त्यामुळे बरेच जण सिरॅमिकच्या वाटेला जातात. नुसत्या शहरातल्या गाडीला सिरॅमिक ठीक आहे, चाकं स्वच्छ राहतात, आवाजही कमी. पण या वजनाच्या आणि या वेगाच्या गाडीला, घाट रोजच्या वाटेवर असताना, मी ते बसवणार नाही. पहिला चावा मवाळ लागतो आणि सलग उतारावर पकड लवकर ढिली पडते. ट्रॅकसाठीचे पॅड तर नकोच. ते तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, आणि जुलैच्या पावसात पहाटे घरातून निघताना तापलेला ब्रेक कुठून आणणार?

दुकानात पॅड हातात घेतला की तीन गोष्टी बघा. पहिली, ईसीई आर-९० या बाहेरच्या ब्रेक पॅडसाठीच्या युरोपीय नियमाचा शिक्का: वर्तुळात ई आणि देशाचा आकडा, पुढे ९०आर ने सुरू होणारा क्रमांक. या नियमानुसार बाहेरच्या पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत-बाहेर असावी लागते. एबीएस आणि स्थिरतेची यंत्रणा मूळ पकड गृहीत धरूनच बनवलेली असते, म्हणून हा शिक्का माझ्यासाठी अट आहे. दुसरी, कडेवर छापलेली दोन अक्षरं. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, आणि ई त्याहून खालचं. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड घाटासाठी घेऊ नका. तिसरी गोष्ट फारसं कुणी बघत नाही आणि इथे तीच सगळ्यात महत्त्वाची: पाठीची लोखंडी प्लेट. प्लेटवर नुसता काळा रंग मारलेला असेल तर मीठ त्याच्या कडेने आत शिरतं, गंज फुगतो आणि मालाचा थर प्लेटपासून सुटायला लागतो. जाडी शाबूत दिसत असताना अख्खा थर निसटू शकतो. जस्ताचा मुलामा असलेली प्लेट, किंवा जिच्या पृष्ठभागावर बारीक हूक उठवून माल अडकवलेला असतो तशी प्लेट मिळाली तर थोडे जास्त पैसे गेले तरी तीच घ्या.

पॅडबरोबर काय काय मागवायचं तेही आधीच ठरवा, कारण एखादी क्लिप कमी पडली तर ती मुंबई-पुण्याहून येईपर्यंत गाडी जॅकवर. दोन्ही अ‍ॅक्सलचे पॅड, पुढच्या कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना आणि स्प्रिंग, मागच्या ब्रॅकेटच्या स्टीलच्या क्लिपा, मागच्या कॅलिपरचे नवे बोल्ट आणि पॅड झिजल्याची सूचना देणारे दोन वेअर सेन्सर. बीएमडब्ल्यूत सेन्सर पुढे डाव्या आणि मागे उजव्या चाकावर असतो. जुन्या सेन्सरने सूचना दिली नसली तरी उष्णतेने त्याचं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं, काढतानाच तुटतं. शिवाय डीओटी-४ लो व्हिस्कॉसिटी ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनरचे दोन-तीन कॅन आणि सिरॅमिक पेस्टची छोटी ट्यूब.

काम सपाट, पक्क्या जागेवर करा. जांभ्याच्या अंगणात जॅक रुततो आणि तिरका होतो. तिथेच करायचं असेल तर खाली जाड फळी हवीच. चाकांना ठोकळे, स्टँड न चुकता. या गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत, त्यामुळे जड चाक परत चढवताना हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) एका भोकात लांब गाइड पिन घातली की त्रास वाचतो. चाक हबला गंजाने चिकटलेलं असेल तर टायरच्या आतल्या बाजूला रबरी हातोड्याने फिरवत फिरवत मारा, अलॉयवर मारू नका.

पॅड काढायच्या आधी डिस्क मोजा. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, गंजली असेल तर ब्रश मारला की दिसते. मोजायला मायक्रोमीटर घ्या. व्हर्नियरचे जबडे कडेच्या उठलेल्या ओठावर बसतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. सात-आठ ठिकाणी मोजून सगळ्यात कमी आकडा धरा.

पुढचं काम सरळ आहे. कॅलिपर चार पिस्टनचा (पॅड दाबणाऱ्या दट्ट्यांचा) आणि स्थिर. स्प्रिंग दाबून धरायची, पंचने पिना बाहेरून आतल्या बाजूला ठोकायच्या, की पॅड सरकून बाहेर येतात. मात्र दोन्ही पॅड एकदम काढू नका. एक काढून त्या बाजूचे पिस्टन मागे ढकलायचे, नवा पॅड बसवायचा, मग दुसरा. समोर आधार नसला की एक पिस्टन दाबताना दुसरा पुढे येतो. ढकलण्याआधी पिस्टनच्या कडेची धूळ क्लीनरने आणि मऊ ब्रशने काढा, नाहीतर तीच खरवड सीलमध्ये जाते. हवेचा फवारा मारू नका, भुकटी नाकात जाते, मास्क लावा. पिस्टन मागे गेले की टाकीतलं ऑइल वर येतं, म्हणून आधीच सिरिंजने थोडं काढून ठेवा. रंगावर थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, तो रंग खातो. काही पॅडच्या पाठीला चिकट थर असतो. तिथे पिस्टनची तोंडं कोरडी आणि स्वच्छ हवीत, पेस्ट अजिबात लावायची नाही.

मागचं चाक वेळ खातं. इथे कॅलिपरवर इलेक्ट्रिक हातब्रेकची मोटर बसवलेली आहे. डायग्नॉस्टिक टूलने आधी पॅड बदलण्याचा मोड लावून मोटर मागे घ्यायची, मगच पिस्टनला हात लावायचा. सी-क्लॅम्प लावून जोराने दाबलं तर आतला स्क्रू आणि मोटरचे दाते मोडतात, आणि पॅडच्या खर्चात अख्ख्या कॅलिपरची भर पडते. बॅटरीला चार्जर जोडून ठेवा, कारण व्होल्टेज उतरलं की मोटर अर्ध्यात थांबते. मोड लागल्यावर मात्र हा पिस्टन सरळ दाबून जातो, फिरवावा लागत नाही.

कॅलिपर सुटला की तो होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबू देऊ नका, तारेने वर बांधा. आता जुन्या पॅडकडे नीट बघा. आतला आणि बाहेरचा यांच्या जाडीत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर सरकपिना, म्हणजे कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना, अडकल्या आहेत. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असेल तर पॅडचे कान (खोबणीत बसणारी दोन टोकं) अडकले आहेत. मी उघडलेल्या बाजूला दुसरा प्रकार होता. ब्रॅकेटवरची स्टीलची क्लिप वरून चकचकीत, कुणी बघितलं असतं तर ठीक म्हटलं असतं. ती उचकटली तर खाली गंजाचा पापुद्रा, पोळीसारखा सुटणारा. त्यानेच क्लिप वर उचलली होती आणि खोबणी अरुंद केली होती.

अशा वेळी बरेच मेकॅनिक पॅडचे कान कानशीने घासून बसवतात. ते करू नका. कानावरचं आवरण गेलं की पहिल्याच पावसात तिथे गंज धरतो आणि पॅड पुन्हा अडकतो. घासायचं ते ब्रॅकेट. क्लिपा काढा, बसायची जागा आधी वायर ब्रशने आणि मग सपाट कानशीने स्वच्छ लोखंड दिसेपर्यंत साफ करा, पण लोखंड खाऊ नका. अगदी पातळ सिरॅमिक पेस्ट लावून नव्या क्लिपा बसवा. नवा पॅड बोटाच्या दाबाने सरकला पाहिजे आणि तरी खडखडू नये. चारही खोबण्या अशा केल्या तर एका चाकाला तासभर जातो. तो तास वाचवू नका.

सरकपिना रबरी नळीत बसणाऱ्या असतील तर त्या फक्त पुसून कोरड्या घालायच्या असतात, ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन जाम होते. रबरी टोपण (बूट) असलेल्या धातूच्या पिनांना सिलिकॉनचं ग्रीस चालतं. गॅरेजमधलं नेहमीचं पिवळं ग्रीस दोन्हींना वर्ज्य. तांब्याची पेस्टही अ‍ॅल्युमिनियमच्या कॅलिपरला लावू नये, खाऱ्या ओलाव्यात दोन धातू भिडले की अ‍ॅल्युमिनियम पोखरलं जातं.

बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा. चाकाच्या बोल्टांचा टॉर्क १४० न्यूटन मीटर, बोल्ट कोरडे. हबच्या मधल्या उंचवट्याला मात्र बोटाने थोडं ग्रीस लावून घ्या, पुढच्या वेळी चाक सुखाने निघेल. मग टूलने हातब्रेकचा मोड काढा, नव्या सेन्सरनंतर सर्व्हिसचा आकडा रिसेट करा आणि गाडी जागची हलवण्याआधी पेडल अर्ध्या-अर्ध्या अंतरापर्यंत दाबत राहा, ते घट्ट होईपर्यंत. पहिल्या दाबाला पेडल खाली जातंच. हे विसरून गाडी गेअरमध्ये टाकली तर थांबणार नाही.

ब्रेक ऑइल याच वेळी बदलून टाका. डीओटी-४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो. कोकणातल्या हवेत दोन वर्षांच्या वर ते ठेवायचं नाही. उतारावर ऑइलची वाफ झाली की पेडल स्पंजासारखं होतं, आणि तिथे कितीही महागडा पॅड कामाचा नाही.

नवे पॅड रुळवायला मुंबई-गोवा महामार्गाचा चौपदरी झालेला मोकळा भाग पहाटे बरा. ७० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, अर्धा-एक किलोमीटर मोकळं पळू द्यायचं आणि पुन्हा तेच. आठ-दहा वेळा झालं की ब्रेक न लावता दहा मिनिटं गाडी चालवून डिस्क गार करा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून सिग्नलला उभं राहिलात तर मालाचा ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं. त्याला लोक ‘डिस्क वाकली’ म्हणतात. पहिले तीनशे किलोमीटर घाट टाळता आला तर टाळा.

जयगड-तवसाळ फेरीबोटीच्या उतारावर चाकं खाऱ्या पाण्यात गेली, किंवा वाळूत गाडी नेली, तर घरी आल्याबरोबर साध्या पाण्याने चाकांच्या आतल्या बाजूला फवारा मारा. नंतर दोन-चार किलोमीटर चालवून हलका ब्रेक लावत डिस्क वाळवा. ओल्या डिस्कवर हातब्रेक लावून रात्रभर ठेवलात तर सकाळी पॅड चिकटलेला असतो, निघताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि मालाचा कण डिस्कवर राहतो. सपाट जागी पार्क गेअर आणि चाकाला ठोकळा पुरतो, इंजिन बंद करताना हातब्रेक आपोआप लागत असेल तर ती सोय तेवढ्यापुरती बंद करा. दसऱ्याच्या सुमारास पाऊस ओसरला की मागची दोन्ही चाकं काढून पॅड खोबणीत हलतात का ते बघा. हलत नसतील तर पॅड नवे असले तरी क्लिपा काढून खोबण्या पुन्हा साफ करा.