पॉडकास्टला तोंड फुटलं

तीन वर्षं आमच्या पॉडकास्टला नुसता आवाज होता, तोंड नव्हतं. मी, माझी मैत्रीण, दोन-तीन माइक, एक छोटा रेकॉर्डर आणि दर पंधरा दिवसांनी आपल्या कामाबद्दल जीव तोडून बोलणारं एखादं माणूस, बास. केस विंचरलेत का, मागे पसारा दिसतोय का असले प्रश्नच नव्हते. एक एपिसोड तर मी तापात, अंगावर पांघरूण घेऊन केलाय आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

मग हळूहळू लोक विचारायला लागले, "कुठे बघायचा तुमचा पॉडकास्ट?" बघायचा! मला आधी हसू यायचं. 2004 मध्ये बेन हॅमर्स्ली या पत्रकाराने ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्रातल्या लेखात हा शब्द जाता जाता सुचवला, आयपॉड (ॲपलचं खिशात मावणारं गाणी ऐकायचं यंत्र) आणि ब्रॉडकास्टची मोट बांधून, तेव्हा आयपॉडवर व्हिडिओ लागतच नव्हता, ती सोय आली पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. आता आयपॉडच राहिला नाही, आणि 2025 मध्ये यूट्यूबने जाहीर केलं की महिन्याला शंभर कोटी लोक आमच्याकडे पॉडकास्ट बघतात-ऐकतात, मग मी एकटी किती दिवस हसणार.

तशी आरएसएस फीडची, म्हणजे ज्या यादीतून पॉडकास्टच्या ॲपला नवा एपिसोड सापडतो तिची, काही हरकत नसते म्हणा, त्यात फाइल जोडायची जी जागा असते तिथे आवाज जोडा नाहीतर व्हिडिओ, तिला दोन्ही सारखंच. फरक पडतो तो वजनात. तासाभराच्या गप्पा 128 केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण 58 एमबी, त्याच गप्पा 1080पीत, म्हणजे फुल एचडी व्हिडिओत, 8 एमबीपीएसने ठेवल्या तर 3.6 जीबी. साठपटीहून जास्त, आणि त्यात शब्द एकही जास्तीचा नाही. पण बाकी काय काय जास्तीचं असतं ते कळायला आम्हाला घड्याळवाले काका यावे लागले.

काकांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलीत. येताना एक जुनं टेबलावरचं घड्याळ घेऊन आले, दाखवायला म्हणून. मैत्रिणीने भाच्याचा जुना कॅमेरा आणला होता, आम्ही तो तिवईवर चढवला, काकांच्या शर्टाच्या बारीक रेघा स्क्रीनवर मुंग्यांसारख्या वळवळत होत्या पण आता शर्ट बदला कसं म्हणायचं, म्हणून तसंच सुरू केलं. काका रंगात आले आणि कॅमेरा बंद. बरोबर 29 मिनिटं 59 सेकंदांनी! आम्हाला वाटलं बिघडला. नंतर शोधलं तर कळलं की युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त सलग रेकॉर्ड करणारं यंत्र व्हिडिओ कॅमेरा धरायचे आणि त्यावर जकात जास्त, म्हणून कंपन्या फोटोच्या कॅमेऱ्यांना एक सेकंद आधीच झोपवायच्या. म्हणजे काकांचा ऐन भरात आलेला किस्सा कुठल्यातरी जकात नाक्यावर अडकला. काकांना हे फोनवर सांगितलं तर पोट धरून हसले.

पुढची गंमत एडिटिंगला. आवाज चांगल्या माइकवरून रेकॉर्डरमध्ये, चित्र कॅमेऱ्यात, दोन्ही जुळवायला सुरुवातीला टाळी वाजवायची असते एवढं आम्हाला माहीत होतं. टाळी जुळली. पण कॅमेरा परत चालू केल्यावर दुसऱ्यांदा टाळी वाजवायला आम्ही विसरलो, त्यामुळे तो भाग नजरेने जुळवत बसले आणि जुळवूनही शेवटी शेवटी काकांचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. कारण प्रत्येक यंत्राच्या पोटात वेळ मोजणारा आपापला क्वार्ट्झचा स्फटिक असतो, आणि दोन स्फटिकांच्या चालीत दहा लाखात पन्नासचा जरी फरक असला तरी तासाला 180 मिलिसेकंद होतात. काका म्हणाले, "अगं दोन घड्याळं कधी एकसारखी चालतात का? चाळीस वर्षं त्याच्यावरच तर पोट भरलं माझं."

आणि डोळ्या-कानांचंही एक विचित्र आहे. टीव्हीवाल्यांनी मोजून ठेवलंय की आवाज चित्राच्या मागे 125 मिलिसेकंदांपर्यंत असला तर साधारण कुणाच्या लक्षात येत नाही, पण पुढे असला तर 45 लाच खटकतं. बरोबरच आहे, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, उलटं झालेलं आपण आयुष्यात बघितलेलं नसतं. त्याहून भारी म्हणजे 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी छापलेला प्रयोग, आवाज "बा"चा आणि ओठ "गा" म्हणणारे, तर बहुतेकांना ऐकू येतं "दा". डोळे मिटले की परत "बा". हे वाचून मला जरा कसंतरीच झालं, म्हणजे व्हिडिओ लावला की आपण तेच ऐकतो असंही नाही.

काकांच्या बाबतीत तर नाहीच. नुसत्या आवाजात ते म्हणतात, "स्प्रिंग अशी धरायची, आणि मग अशी", आणि पूर्वी असं काही आलं की मी तो तुकडा सरळ कापायचे, ऐकणाऱ्याला काय कळणार. व्हिडिओत दिसलं की काकांच्या हातात काहीच नाही तरी त्यांनी चिमटा धरलाय, श्वास रोखलाय, आणि ते वाक्य संपेपर्यंत सोडलेला नाही. ते "अशी" काय होतं ते तेव्हा कळलं.

पण त्याच व्हिडिओत मीही होते. ऑडिओत मी फार चांगली श्रोती आहे हो. योग्य जागी "हं", योग्य जागी "अच्छा", कारण नको तिथले "हं" मीच काढून टाकलेले असतात. आवाजातली काटछाट दिसत नाही, शिवण आतून घालता येते. व्हिडिओत एक "म्हणजे" कापलं की माणसाची मान टुणकन उडी मारते, मग ती उडी झाकायला दुसऱ्या कॅमेऱ्याचा शॉट लागतो आणि आमच्याकडे दुसरा कॅमेरा म्हणजे मैत्रिणीचा फोन, जो सगळा वेळ माझ्यावर लावलेला होता. त्यात मी काय करतेय? काका त्यांच्या वडिलांचं सांगताहेत आणि मी खाली कागदावर पुढचा प्रश्न शोधतेय. तोंडाने मात्र "अच्छा".

मैत्रीण शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "तू माझ्याशी बोलतानापण अशीच करतेस."

मी विषय बदलला. फ्रेम रेटचं काहीतरी काढलं.

त्याच किस्श्याच्या शेवटी काका गप्प बसलेत. वडिलांनी शेवटचं उघडलेलं घड्याळ त्यांना काही केल्या जोडता आलं नाही, एवढं सांगून थांबले ते अकरा सेकंद. ऑडिओच्या सवयीने मी अकराचे दोन करून टाकले असते, कारण कानात हेडफोन असताना अकरा सेकंद शांतता म्हणजे माणूस फोन काढून बघतो, नेट गेलं की काय. व्हिडिओत कापायचा प्रश्नच नव्हता, चेहऱ्यावर सगळं चाललेलं दिसत होतं. तिथे अकराच्या अकरा ठेवले.

ऑडिओच्या फाइलवर मात्र दोन दिवस अडून बसले. काढले तर काका पटकन पुढे निघून गेल्यासारखे वाटतात, ठेवले तर फाइल तुटल्यासारखी. मग कधीतरी लक्षात आलं की मी नेहमीसारखा आधी नॉइज काढायचा फिल्टर लावून टाकलाय. तो काढला, तर टेबलावरचं ते घड्याळ. अख्ख्या एपिसोडभर बारीक टिकटिक, आणि त्या अकरा सेकंदांत तर एकटंच.

तसंच टाकलं. पहिला मेसेज आला: एपिसोड मस्त, फक्त मागे घड्याळाचा आवाज येतोय, पुढच्या वेळी तेवढं क्लीन करा.