सोळा बाय सोळाचा रखवालदार

त्या मुलाचा मेल येऊन आज अकरा दिवस झाले. विचारलंय एवढंच, 'सर, माझं नेमकं काय चुकलं?' मी उत्तर लिहायला घेतो, दोन ओळी होतात, खोडतो आणि दुसरं काहीतरी काम काढून बसतो.

झालं असं की आमच्या जुन्या थाटाच्या गेमसाठी स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलणारी छोटी पिक्सेल-चित्रं, करणारं एक माणूस हवं होतं. नवखं असलं तरी चालणार होतं, पण जागा एकच. प्रोड्यूसरचं म्हणणं, 'पोर्टफोलिओ बघ. ड्रॉइंग येत असेल तर पिक्सेल काय, शिकवता येतात.' हे वाक्य मी दहा वर्षं ऐकतोय. ते म्हणणाऱ्याने स्वतः कधी पिक्सेलचा एक चौकोनसुद्धा केलेला नसतो, हेही दहा वर्षं बघतोय.

म्हणून परीक्षा ठेवली. कंदील घेतलेला रात्रीचा रखवालदार, १६ बाय १६ पिक्सेलमध्ये, दोन तासांत. रंग तीन आणि चौथा पारदर्शक. जेवणानंतर त्याच रखवालदाराला चार फ्रेममध्ये चालवायचं. तीन रंग ही माझी लहर नव्हे. निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या गेमयंत्रावर एका स्प्राइटला तेवढेच मिळायचे आणि आमचा गेम तोच नियम पाळतो.

बाहेरच्यांना वाटतं, एवढासा तर चौकोन, त्यात अवघड काय? एकूण २५६ घरं. डोकं सहा घरं रुंद घेतलं तर त्याला मधलं घरच नसतं, मग समोरून नाक कुठे ठेवणार? सात घेतलं तर नाक मिळतं, पण तेवढ्यात खांद्यांची जागा जाते आणि माणसाचं लहान मूल होतं. मारिओला टोपी आणि मिशा आल्या त्या अशाच अडचणीतून. केस आणि तोंड दाखवायला पिक्सेल पुरत नव्हते, हे मारिओ घडवणाऱ्या खुद्द मियामोतोंनी सांगितलेलं आहे.

परीक्षेला दोघं होते. एक हा मुलगा, कलाशाळेतून आलेला. त्याची स्केचबुकं चाळताना मी गप्पच झालो. फलाटावर झोपलेली माणसं, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्या, अंग खाजवणारी कुत्री, सगळं दोन-तीन रेघांत आणि सगळं जिवंत. दुसरी आमच्याच टेस्टिंगमधली मुलगी. 'मीही देऊ का परीक्षा?' म्हणाली. तिचं ड्रॉइंग म्हणजे गोळा आणि चार काड्या. मी हो म्हटलं ते खरं तर संख्या भरायला.

मुलाने ५१२ बाय ५१२ चा कॅनव्हास उघडला आणि अर्ध्या तासात असा रखवालदार काढला की तो फ्रेम करून भिंतीवर लावावा. मग तो लहान केला. ५१२ चे १६ करताना १,०२४ पिक्सेलमागे एक उरतो. कोणता उरावा हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि सॉफ्टवेअरला कंदील म्हणजे काय ते ठाऊक नसतं. कंदिलाची कडी गेली, एक डोळा गेला, कोटाचा चिखल झाला. मग झूम लावून डागडुजी सुरू. कोटाचा वाक उतरताना पायऱ्या ४, २, १, १ अशा आटत गेल्या की डोळ्याला तो वाक वाटतो. त्याच्या होत्या ४, १, २, १. एवढ्याने कड दातेरी होते, आम्ही त्याला जॅगी म्हणतो. तो ती मधल्या छटेने मऊ करायला गेला, तर छटेला रंगच शिल्लक नाही. 'सर, अजून एक रंग मिळेल का?' दोनदा विचारलं बिचाऱ्याने.

तिने मूळ आकाराची छोटी खिडकी स्क्रीनच्या कोपऱ्यात उघडी ठेवली होती. चार पिक्सेल ठेवायचे, खुर्ची मागे सरकवून तिथे बघायचं, दोन पुसायचे. सगळ्यात आधी काढला कंदील, दोन बाय तीनचा, पिवळा. का, विचारलं तर म्हणाली, 'कंदील दिसला नाही तर हा रखवालदार कशावरून?' मग गडद निळा देह, विटकरी कोट. चेहऱ्यासाठी वेगळा रंग नव्हताच, तर तिने कंदिलाकडच्या गालावर त्याच पिवळ्याचे तीन पिक्सेल ठेवले आणि बाकीचा चेहरा निळ्यात बुडवला. नाक नाही, डोळे नाहीत. आणि तरी कंदिलाच्या उजेडात तोंड उजळलेला माणूस समोर उभा होता. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे.

'हे कुठे शिकलीस?'

'शिकते कुठे? तीन वर्षं तुझे स्प्राइट अंधारात हरवतात म्हणून बग टाकतेय.'

खरं होतं. त्यातले निम्मे बग मी 'असंच ठेवायचं आहे' म्हणून बंद केले होते.

इथे दिवस संपला असता तर हे लिहायला मी बसलोच नसतो. प्रोड्यूसरला सांगायला सुझन केअर यांचं उदाहरणही तयार होतं. १९८४ च्या मॅकिंटॉशची ३२ बाय ३२ ची चिन्हं त्यांची, चौकटीच्या कागदावर घरं भरून आखलेली, आणि त्या या कामाचं नातं चित्रकलेपेक्षा मोझेक आणि विणकाम-भरतकामाशी सांगतात. त्या शिल्पकार होत्या आणि कलेच्या इतिहासात त्यांनी डॉक्टरेट केली होती, एवढं मात्र मी सोयीने गाळणार होतो.

जेवणानंतर चालवायची पाळी. मुलाचा रखवालदार चालवण्याच्या लायकीचा नव्हता, म्हणून मी दोघांनाही तिचाच दिला. आता वाटतं, हे जरा क्रूर झालं. तो काही बोलला नाही. बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला, 'चेहरा फार छान जमलाय.' मी त्याला एकच सांगितलं, मोठं काढू नकोस, थेट घरांत काम कर.

तिचा रखवालदार पाय हलवत होता, पण रुळावरून ढकलल्यासारखा. तिला ते लगेच दिसलं. 'हा घसरतोय. पण का घसरतोय ते कळत नाहीये.' पाय फाकलेले असताना माणूस बुटका होतो आणि एक पाय दुसऱ्याजवळून जाताना उंच होतो. १६ पिक्सेलमध्ये ही वरखाली एकाच पिक्सेलची, पण ती नसेल तर अंगाला वजन नाही.

त्याने ती न सांगता दिली. वर कोटाचा घोळ मागे रेंगाळला. आणि कंदील! कंदील हातामागून एक फ्रेम उशिरा पोचत होता. चार फ्रेममध्ये दमलेला, रात्र जागलेला माणूस. चेहरा तिचा, चाल त्याची. फलाटावरची ती सगळी माणसं त्या एका पिक्सेलच्या चढउतारात येऊन बसली होती.

निवड तिची झाली. कारण काय लिहिलं? 'गेमची माहिती आहे, लगेच रुजू होऊ शकते.' प्रोड्यूसरने विचारलं, 'म्हणजे ड्रॉइंग लागत नाही तर?' मी म्हटलं, 'नाही लागत.' एका दमात म्हटलं. वाद जिंकायची संधी दहा वर्षांनी आली होती.

गेल्या आठवड्यात तिला संवादाच्या चौकटीतला चेहरा दिला, ४८ बाय ४८ चा. सगळ्या कडा गडद, मध्ये उजेड, गालांच्या दोन उश्या. प्रकाश कुठून येतोय, पत्ता नाही. याला पिलो शेडिंग म्हणतात, नवख्याचा ठरलेला खड्डा. १६ मध्ये नाक अंधारात लपवता आलं, ४८ मध्ये नाकाला बाजू असते, खाली सावली असते, आणि ती कुठे पडते हे माहीत असावं लागतं. मी तिला कागदावर खोकी काढायला लावली आहेत, टेबलावरचा दिवा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवून. हे ड्रॉइंगच झालं ना? प्रोड्यूसर मागून जात होता, मी कागद पालथा केला.

चालीचं तिने स्वतःच काढलं. पाण्याची बाटली हातात देऊन सहकाऱ्याला पॅसेजमधून चालायला लावते, फोनवर शूट करते आणि एकेक फ्रेम थांबवून बघते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या गेमसाठी तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने भावाला पळायला लावून चित्रीकरण केलं होतं, हे तिला सांगितल्यावर म्हणाली, 'मग मी काही वेगळं करत नाहीये.' रखवालदाराचं डोकं आता वरखाली होतं. कंदील अजून हाताला चिकटूनच चालतो.

परीक्षेतलं काम गेममध्ये वापरायचं नाही, हा नियम माझाच. तात्पुरती म्हणून त्या संध्याकाळी मी बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या चालू आवृत्तीत, त्या मुलाची चाल टाकली, ती अजून तिथेच आहे. कालही तिला म्हटलं, 'काढून टाकू का आता?' ती म्हणाली, 'दोन दिवस दे. माझा कंदील झुलला की काढ.'

मेलचा मसुदा उघडाच आहे.