चहातली चार चमचे साखर

"आता सोडली ना दारू, मग चिडचिड कशाची?"

व्यसनमुक्ती केंद्राबाहेरच्या टपरीवर आज एक वहिनी नवऱ्याला विचारत होत्या. तो गप्प. चहात चौथा चमचा साखर ढवळत राहिला.

ती साखर डोक्यातून जाईना. दारू सुटली की गोड खावंसं वाटतंच, खाऊ द्या. हातांची थरथर, घाम साधारण आठवड्यात ओसरतो. झोप मात्र कित्येक आठवडे, कधी महिनेही जागेवर येत नाही. चिडचिड तिथूनच येते, प्रेम आटल्यामुळे नव्हे.

तलफ ठरलेल्या जागी गाठते: संध्याकाळचे सात, पगाराचा दिवस, जुन्या बारचा रस्ता. बहुतेकदा ती 15 ते 30 मिनिटांत उतरते. तेवढा वेळ काढायचा. आधी पोटभर खायचं (रिकाम्या पोटी ती फार छळते), मग चालून यायचं, कुणाला तरी फोन करायचा.

आणि एक कळकळीची विनंती. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिरामची गोळी त्याच्या नकळत भाजीत मिसळू नका. वर दारू प्यायला तर जिवावर बेतू शकतं, गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत.

डिस्चार्जच्या दिवशी वहिनींना कुणी दहा मिनिटं बसवून हे सांगितलं असेल का?