खर्चाची वही आणि वहीबाहेरचा खर्च

निवडणूक खर्चाची चर्चा आपल्याकडे बहुधा मर्यादेच्या आकड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. जानेवारी २०२२ पासून मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. हा आकडा कमी आहे, वास्तवाला धरून नाही, तो वाढवावा की मर्यादाच काढून टाकावी, यावर दर निवडणुकीत वाद होतात. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. मर्यादा ओलांडली गेली, तर ते सिद्ध कोण करणार, किती दिवसांत करणार आणि कोणत्या अधिकाराने करणार?

उमेदवाराच्या खर्चावर लक्ष ठेवणारी यंत्रणा कागदावर चांगलीच काटेकोर आहे. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उमेदवाराला निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते. त्याला मिळणाऱ्या नोंदवहीत तीन रंगांची पाने असतात : रोजच्या खर्चासाठी पांढरी, रोखीच्या व्यवहारांसाठी गुलाबी आणि बँकेच्या व्यवहारांसाठी पिवळी. प्रचाराच्या काळात ही वही किमान तीनदा तपासणीसाठी सादर करावी लागते. दुसरीकडे प्रशासन स्वतःची छाया नोंदवही ठेवते. व्हिडिओ पथकाने सभेचे चित्रीकरण केले, की दुसरे पथक ते पाहून व्यासपीठ, मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि वाहने मोजते, जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार त्यांचा खर्च लावते आणि तो आकडा उमेदवाराच्या नोंदीशी ताडून पाहिला जातो. ऐन निवडणुकीच्या धामधुमीत हे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे.

ही सारी मेहनत मात्र कायद्याच्या चौकटीत येऊन अडते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ७७ नुसार हिशेब ठेवायचा तो उमेदवारी दाखल झाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंतचा. त्याआधी महिनोन्‌महिने झालेले मेळावे, फलक आणि जाहिराती या वहीत येत नाहीत. शिवाय उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. या फटीचा इतिहास बोलका आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून आणि पुढे कायदा करून तो निकाल निष्प्रभ केला. पक्षाचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात न धरण्याची ती व्यापक सवलत पुढे २००३ मध्ये आवरती घेतली गेली, तरी पक्षाच्या स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च आजही उमेदवाराच्या हिशेबाबाहेर राहतो आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला कमाल मर्यादाच नाही. पैसा ज्या मोठ्या दाराने येतो ते दार उघडे ठेवून आपण खिडकीवर पहारा बसवला आहे.

याहूनही मला गंभीर वाटते ती मुदतींची रचना. निकालानंतर ३० दिवसांच्या आत उमेदवाराने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे अंतिम हिशेब द्यायचा असतो. मर्यादेबाहेरचा खर्च हे कलम १२३(६) खाली भ्रष्ट आचरण आहे आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकते. पण त्यासाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते, तीही निवडीपासून ४५ दिवसांच्या आत. म्हणजे विजयी उमेदवाराने अखेरच्या दिवशी हिशेब दिला, तर तो पाहणे, छाया नोंदवहीशी ताडणे, पुरावे जमवणे, वकील गाठणे आणि याचिका तयार करणे हे सगळे १५ दिवसांत उरकावे लागते. कायद्याने कोणत्याही नागरिकाला नाममात्र शुल्क भरून हे हिशेब पाहण्याचा हक्क दिला आहे, तो या वेळापत्रकात जवळपास निरुपयोगी ठरतो. याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो, तरी कित्येक याचिका सदनाची मुदत संपत आली तरी प्रलंबित असतात.

महाराष्ट्रातच याची दोन ठळक उदाहरणे आहेत. २००९ मध्ये लोकसभेसाठी खर्चाची मर्यादा २५ लाख रुपये होती. त्या निवडणुकीत आपण आठ कोटी रुपये खर्च केल्याचे वक्तव्य गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये जाहीर कार्यक्रमात केले. निवडणूक आयोगाने नोटीस बजावली, परंतु याचिकेची ४५ दिवसांची मुदत टळून चार वर्षे झाली होती. दुसरे प्रकरण भोकर मतदारसंघातले आणि २००९ च्याच विधानसभा निवडणुकीतले. ‘अशोकपर्व’ या मथळ्याचा मजकूर वेगवेगळ्या वृत्तपत्रांत छापून आला, त्यावरून पेड न्यूजचा, म्हणजे पैसे देऊन बातमीच्या रूपात प्रचार छापून आणल्याचा, आणि अपुऱ्या हिशेबाचा आरोप झाला. तिथले उमेदवार अशोक चव्हाण यांचे म्हणणे असे होते, की हिशेब वेळेत दिला असेल तर तो खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार आयोगाला नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला आणि आयोगाला तो अधिकार असल्याचे स्पष्ट केले. आयोगाने जुलैमध्ये त्यांना नोटीस दिली, ती सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. अंतिम निर्णय त्यांच्या बाजूने लागला, हे नोंदवणे न्याय्य आहे. मला खटकते ते हे, की आयोगाला हिशेबाचा खरेखोटेपणा पाहता येतो का, एवढा मूलभूत प्रश्न सुटायला विधानसभेची जवळजवळ पूर्ण मुदत लागली.

शिक्षेचे म्हणाल तर कलम १० अ नुसार हिशेब न देणाऱ्याला आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. या कलमाचा फटका मुख्यतः हिशेबच न देणाऱ्या, बहुतांशी पराभूत उमेदवारांना बसतो. ज्याच्या दिमतीला चार्टर्ड अकाउंटंट आहे, त्याचा हिशेब नीटनेटका आणि वेळेवर येतोच. निवडणुकीचे हिशेब न ठेवण्याच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहितेत कमाल दंड होता ५०० रुपये. भारतीय न्याय संहितेने तो ५,००० केला. कोट्यवधींच्या व्यवहारात या रकमेचा धाक कुणाला वाटेल?

देणग्यांच्या बाजूने निदान एक मोठे पाऊल पडले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारे निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरवले आणि पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. पैसा कुठे गेला, हे जाणण्याचा हक्क मात्र अजून तितका भक्कम झालेला नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ मधील २५५ व्या अहवालात हिशेबाचा काळ निवडणुकीच्या अधिसूचनेपासून धरावा आणि अपात्रतेची मुदत पाच वर्षे करावी अशी शिफारस केली होती. मी त्यात आणखी दोन मागण्या जोडेन. पक्षाच्या खर्चाला मर्यादा हवी, आणि खर्चाच्या कारणावरून करायच्या याचिकेची मुदत निवडीच्या तारखेपासून न मोजता हिशेब संकेतस्थळावर खुला झाल्याच्या तारखेपासून मोजायला हवी. यातल्या दुसऱ्या मागणीला तिजोरीतला एक रुपयाही लागणार नाही, संसदेने एका कलमातली शब्दरचना बदलली तरी पुरेल.