पुढे दोन चाकं: शहरात जपून चालवणाऱ्यांसाठी

तीन चाकं आहेत म्हणजे गाडी पडणारच नाही, असं पुष्कळांना वाटतं. पुढे दोन चाकं असलेल्या आणि वळणावर झुकणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. पिआज्जिओची एमपी3 (2006), यामाहाची ट्रायसिटी (2014) किंवा निकेन घ्या: पुढची चाकं झुकत्या जोडणीवर बसवलेली असतात. त्यामुळे गाडी दुचाकीसारखीच कलते आणि थांबल्यावर पाय टेकवला नाही, किंवा सोय असेल तिथे झुकणं लॉक केलं नाही, तर दुचाकीसारखीच आडवी होते.

खरा फायदा पकडीचा. दुचाकीचं पुढचं चाक सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही. इथे एक चाक ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर, मॅनहोलच्या झाकणावर किंवा वाळूवर गेलं तरी दुसरं बऱ्याचदा चांगल्या रस्त्यावर असतं. म्हणून पावसात पुढचा ब्रेक दाबताना हात आखडत नाही. मागचं चाक मात्र एकच. ओल्यात ते लॉक झालं, तर मागची बाजू फिरते ती फिरतेच.

खड्ड्यांची सवय बदलावी लागते. खड्डा पुढच्या दोन चाकांच्या मधून काढला, तर मधल्या रेषेत चालणारं मागचं चाक बरोब्बर त्यात आपटतं. अख्खी गाडीच बाजूने काढायची.

सिग्नलला पाय न टेकवता थांबण्याची सोय सगळ्यांत नसते. एमपी3 आणि ट्रायसिटी 300 मध्ये आहे, निकेनमध्ये नाही. वेग अगदी कमी झाला, रेस सोडली, की बटण दाबायचं. झुकणारी जोडणी आवळली जाते, म्हणजे लॉक होते. गंमत अशी, की गाडी ज्या कलात असेल त्याच कलात अडकते. घाईत, वाकड्या गाडीवर बटण दाबलं तर भार एका अंगाला येतो, म्हणून आधी गाडी सरळ करायची. लॉकने चाकं थांबत नाहीत, फक्त झुकणं थांबतं. उतारावर ब्रेक धरलाच पाहिजे, पार्क करताना पार्किंग ब्रेकही. निघताना रेस दिली की लॉक आपोआप सुटतं, त्या क्षणी तोल पुन्हा तुमच्याकडे.

देखभाल वाढते: एक टायर जास्त, जोडणीत सांधे आणि बेअरिंग जास्त. पुढच्या दोन टायरांतली हवा सारखी ठेवा, नाहीतर हँडल एका बाजूला ओढतं. एमपी3 सारख्या गाड्यांचं वजन 200 किलोच्या वर जातं. चढावर मागे ढकलून पार्किंगमधून काढणं हे खरं कष्टाचं काम.

कॅन-ॲम स्पायडरलाही पुढे दोन चाकं, पण ती वेगळ्या जातीची. ती झुकत नाही, त्यामुळे थांबल्यावर खरोखरच आपली आपण उभी राहते. पण सुमारे दीड मीटर रुंदी म्हणजे गर्दीतल्या फटीतून जायचं विसरा, शिवाय वळणावर अंग बाहेर फेकलं जातं. शहरासाठी माझं मत झुकणाऱ्या गाडीलाच.

विकत घेण्याआधी चालवून पाहताना मोकळा रस्ता मागू नका. चालण्याच्या वेगाने अरुंद जागेत वळवा, सौम्य चढावर थांबून पुन्हा निघा, आणि इंजिन बंद करून गाडी एकट्याने मागे ढकलून पाहा.