आईसाठी भिंग निवडताना

आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा खरा प्रश्न डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचाच निघाला. मोनोफोकल भिंग एकाच अंतरावरचे, बहुधा दूरचे, स्पष्ट दाखवते आणि वाचनासाठी चष्मा लागतो. मल्टिफोकल भिंगात प्रकाश दूरच्या व जवळच्या दृष्टीसाठी विभागला जात असल्याने चष्म्याची गरज कमी होते, परंतु अंधारात दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि मधुमेहाने डोळ्याचा मागचा पडदा बिघडलेला असल्यास ते सहसा टाळतात. टोरिक भिंग कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, असमान वक्रतेसाठी असते. आईला तो दोष नव्हता. (१९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेव्हा निवडीचा हा घोळ नव्हता!) आई भल्या पहाटे, दिवे जळत असतानाच, गोदाघाटावर जाते आणि पोथी चष्मा लावूनच वाचते, त्यामुळे आम्ही मोनोफोकल घेतले.